सत्काराचं तबक

"ह्या घरातलं काहीच माझं नाही," आप्पा खटावकर आरामखुर्चीत पाय पसरून म्हणाले. "घ्या लिहून, मुजावर. एक चमचासुद्धा माझा नाही."

मुजावर म्हणजे कोर्टाचे बेलिफ. त्यांनी काखेतली कातडी पिशवी ओसरीवर ठेवली, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. माझ्या मागं भाड्यानं आणलेला टेम्पो होता, आणि टेम्पोच्या मागं बाजाराला निघालेलं अर्धं गाव पिशव्या हातात घेऊन थांबलं होतं. जप्ती बघायला तिकीट लागत नाही.

"मग कुणाचं आहे म्हणायचं?" मुजावरांनी विचारलं.

"कुणाचंही असेल. माझं नाही एवढं खरं. मी सार्वजनिक माणूस. मला कसली आलीय मालमत्ता?" आप्पा हसले. हे वाक्य त्यांच्या वकिलानं पढवून ठेवलेलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ह्या सार्वजनिक माणसाची आधी ओळख करून देते. गावात लग्न असो, बारसं असो, मयत असो, गुणवंतराव खटावकर ऊर्फ आप्पा हजर. "तुम्ही पाहुण्यांचं बघा, सामानसुमानाचं मी बघतो," असं म्हणायचे आणि खरंच बघायचे. सतरंज्या कुठून आणायच्या, समया कुणाकडून मागायच्या, उरलेलं अन्न कुठं पाठवायचं, सगळं त्यांच्या तोंडी. लोकांच्या तुपात लोकांचेच लाडू वळून वाढताना असा चेहरा करायचे, की खाणाऱ्याला वाटावं हाच दाता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यात ह्या माणसाचा हात धरणारा आमच्या तालुक्यात दुसरा झाला नाही.

मी इंदू वेळापुरे, जातीची कासार. नवरा गेल्यावर बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान मीच चालवत होते. पण दुकानात दिवसाला दोन पेले खपायचे. पोट खरं चालायचं ते मागच्या खोलीतल्या मोठ्या भांड्यांवर. पाचशे पानांच्या पंगतीला पुरतील अशी पातेली, घंगाळं, कढया, झारे. लग्नसराईत ही भांडी भाड्यानं जायची आणि त्यावर माझ्या दोन मुलींची फी निघायची.

आप्पांची एकसष्टी आली. सत्कार समिती झाली, घरोघर वर्गणी मागितली गेली, मीसुद्धा दिली. समितीत नावं पंधरा, पण कामाचा त्रास कुणाला नको म्हणून सगळं बघितलं आप्पांनी. स्वतःच्या सत्काराचं जेवण त्यांनी स्वतःच ठरवलं, मांडव स्वतःच सांगितला, आणि माझ्याकडची यच्चयावत भांडी "मिळाली" म्हणून सही करून स्वतःच नेली. शाल झाली, श्रीफळ झालं, दोन किलो चांदीचं तबक दिलं गेलं. लाऊडस्पीकरवरून "दोन किलो" इतक्या वेळा ऐकवलं, की मला वाटलं माणसाचा नव्हे, वजनाचाच सत्कार चाललाय. गाव जेवलं, ढेकर दिली आणि घरी गेलं. माझी भांडी घरी आली नाहीत.

चार दिवस वाट बघून विचारायला गेले, तर आप्पा म्हणाले, "अहो इंदूताई, भांडी समितीनं नेली. समितीला विचारा." समितीतल्या पंधरा जणांनी आप्पांकडं बोट दाखवलं. पुन्हा गेले. तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सत्कारमूर्तीनं स्वतःच्या सत्काराचं भाडं भरायचं असतं का, ताई? जगात कुठं ऐकलंय?"

त्यांना वाटलं, विधवा बाई आहे, दोन दिवस कुरकुरेल आणि गप्प बसेल. मी दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी नव्हते, चिडलेली होते. दावा दाखल केला तेव्हा कोर्टाच्या कुंपणाशी पिंपळाचं रोप होतं. निकाल लागला तेव्हा लोक त्याच्या सावलीत डबे खात होते. आप्पांच्या त्या सहीनं त्यांना बुडवलं. भाडं, भांड्यांची किंमत, व्याज आणि खर्च मिळून चौदा हजार सहाशे रुपये द्यावेत, असा हुकूमनामा झाला. मी वेडीनं बाजारपेठेत पेढे वाटले.

पेढे वाटून झाल्यावर वकील देशिंगकरांनी सांगितलं, "बाई, पैसे तुमचे आहेत एवढंच कोर्टानं सांगितलंय. ते आणायचे असतील तर आता दरखास्त टाकायची."

"म्हणजे काय?"

"वसुलीचा अर्ज."

"म्हणजे जिंकलेलं पुन्हा जिंकायचं?"

"तसं म्हणा. फी वेगळी."

मग मुजावर आले. पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पा बाहेरगावी होते, जोडे मात्र दारात होते. दुसऱ्यांदा अंगात ताप होता. खेपेखेपेला बेलिफाचा भत्ता मी भरत होते. पैसे मला येणं होते आणि खर्चही मीच करत होते. आप्पांना एका दिडकीची तोशीस नव्हती. तुळशीची लग्नं होऊन गेली होती. काळ्यांच्या घरच्या लग्नाची पहिली सुपारी माझ्याकडं आली होती आणि मागची खोली अजून रिकामी होती; इतके हंगाम उसन्या भांड्यांवर कसेबसे निभावले होते. ह्या हंगामात भांडी उभी केली नाहीत, तर भाड्याचा धंदा गुंडाळायचा आणि थोरलीला कॉलेजातून काढायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला अजून सांगितलं नव्हतं.

आणि आज हा माणूस आरामखुर्चीत पाय पसरून सांगत होता, की ह्या घरातलं काहीच माझं नाही.

"मावशी," मुजावर मला म्हणाले, "रोजच्या सैपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचं कापड आन् बाईचं मंगळसूत्र, एवढ्याला मला हात लावता येत न्हाई. बाकी तुम्ही दाखवाल ते लिहितो. त्यांची हरकत आसंल तर त्यांनी कोर्टात सांगावी. गुरुजी, तुम्ही पंच ना? मग जिनसेची खूण वाचा. नाव आसंल तर नाव वाचा. मी लिहून घेतो."

पाटणे गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं पोरांच्या कालव्यावरून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते देवळात आरती म्हणाले की स्टँडवर ऐकू यायची. मुजावरांनी दुसरा पंच म्हणून सलूनवाल्या शिवाला घेतलं आणि आम्ही आत गेलो.

माजघराच्या दाराआड पाटल्या वाजल्या. आप्पांची बायको, शालनवहिनी, तिथं उभ्या होत्या. ती बाई गावाला माहीत होती ती एवढीच: दाराआडचा पाटल्यांचा आवाज, आणि मागोमाग बाहेर येणारा चहा.

मी माळ्यावरच्या मोठ्या परातीकडं बोट केलं. शिवानं ती काढली. गुरुजींनी काठ उजेडाकडं धरला आणि हजेरी घेतल्यासारखं वाचलं.

"चि. सौ. कां. मंगल हिच्या विवाहप्रीत्यर्थ आत्याबाई व मामा यांजकडून!"

बाहेर गर्दीत माना उंचावल्या. मग एक बाई ओरडली, "अगं बया! ही तर माझ्या मंगलची परात!"

ती हौसाबाई होती. पिशवीतल्या मेथीच्या जुड्या सांडत ती उंबऱ्यापर्यंत आली. "लग्नात हरवली म्हनून मी वाढपी पोराच्या मुस्काटात मारली हुती की वो! आप्पा, तुम्हीच म्हनला हुता, त्या पोराच्या घरची झडती घ्या!"

"गर्दीत इकडची वस्तू तिकडं होते, हौसाबाई," आप्पा शांतपणे म्हणाले. "मी सांभाळून ठेवली."

"नऊ वर्सं?"

मुजावरांनी लिहिलेली ओळ खोडली. "दुसऱ्याच्या नावाचं उचललं तर उद्या हरकतीचा अर्ज पडंल. दुसरं दाखवा, मावशी."

दुसरं दाखवलं. समई निघाली ती विठोबाच्या देवळातली, "भजनी मंडळास सप्रेम". घंगाळ निघालं तालमीचं. कोपऱ्यातल्या टेबलफॅनवर महिला मंडळाचं नाव लाल रंगात होतं. त्या पंख्यासाठी आम्ही बायकांनी हळदीकुंकवाचे पैसे साठवले होते, आणि तो जळाला म्हणून आप्पांनी आम्हाला हळहळून सांगितलं होतं. आता तो त्यांच्या उशाशी गार वारा देत होता. सतरंजीच्या उलट्या बाजूला शाळेचा शिक्का होता. पेल्यांवर कुणाची मुंज होती, ताटांवर कुणाचं डोहाळजेवण, तांब्यावर तर चक्क एका मयत म्हातारीचं नाव आणि तिथी होती. गुरुजी एकेक नाव खणखणीत वाचत होते आणि बाहेरून "ओ" यावी तसा एकेक माणूस पुढं येत होता.

"हजर!" कुणीतरी मागून ओरडलं आणि गर्दी खदखदून हसली.

माझंही नाव निघालं, पण एकाच वस्तूवर; बाकीची भांडी त्यांनी केव्हाच विकली असावीत. न्हाणीघराच्या खुंटीवर माझा मोठा झारा टांगलेला होता. त्यावर आप्पांचे पंचे वाळत होते.

"हा माझा," मी झडप घातली.

"तुमचाच हाय, न्या," मुजावर म्हणाले. "लिहिला तर लिलावात तुमचाच झारा तुम्हाला इकत घ्यावा लागंल. हुकूमनामा पैशाचा हाय, झाऱ्याचा न्हाई."

कोर्टाचा कारभार कसा असतो, हे मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी आप्पांच्या बुडाखालच्या आरामखुर्चीकडं बोट दाखवलं.

"आप्पा, जरा उठता?" मुजावर म्हणाले.

आप्पा उठले. खुर्चीच्या पाठीला पितळी पट्टी होती. गुरुजी वाकले. "कैलासवासी दिगंबरपंत यांच्या स्मरणार्थ सार्वजनिक वाचनालयास..." पुढचं वाचवलं नाही त्यांना. ते स्वतः वाचनालयाचे चिटणीस होते, आणि रोज संध्याकाळी तिथं मोडक्या बाकावर बसून पेपर वाचायचे.

आप्पा खरं बोलले होते. त्या घरातलं काहीच त्यांचं नव्हतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते खरं बोलले, तेसुद्धा वकिलाच्या सांगण्यावरून.

लोक आपापलं उचलून न्यायला लागले. आणि हा माणूस दारात उभा राहून, वाढदिवसाला आलेल्यांना निरोप द्यावा तसा, "सावकाश न्या, काठ लागेल, बोट सांभाळा," असं सांगत होता! चेहऱ्यावरची माशी हलली नाही. गेंड्याच्या कातडीचं मोल काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी मात्र रडकुंडीला आले. घर रिकामं होत होतं आणि माझा टेम्पोही रिकामाच होता. टेम्पोवाला भाड्याचं विचारून गेला होता.

"संपलं का, मावशी?" मुजावरांनी हळू आवाजात विचारलं. त्यांनाही वाईट वाटत असावं.

तेवढ्यात शिवानं भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडं मान हलवली. आत मखमलीवर, दोन छोट्या दिव्यांच्या मधोमध, ते तबक उभं होतं.

गुरुजींनी काचेला नाक लावलं. "समाजभूषण श्रीमान गुणवंतराव खटावकर यांना एकसष्टीनिमित्त समस्त ग्रामस्थांकडून!" ते वळले आणि वर्गात गणित सुटल्यासारखे म्हणाले, "नाव आहे! आप्पांचंच नाव आहे!"

"हे मात्र तुमचं," मुजावर आप्पांना म्हणाले. "गावासमोर दिलंय. हरकतीला जागा न्हाई. दोन किलो म्हणत होते ना? चांदीचा भाव धरला तर मावशींचं बहुतेक भागंल." ते लिहायला बसले. "काढा, शिवाभाऊ. आज कोर्टात जमा करतो. उद्या सोनार येऊन वजन करंल, कस लावंल, मग लिलाव."

आप्पांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. परात गेली, पंखा गेला, बुडाखालची खुर्ची गेली, तेव्हा जो माणूस पान खात होता, त्याच्या हातातलं पान गळून पडलं.

"तबकाला हात लावू नका," ते म्हणाले.

"आप्पा, कायद्यानं..."

"हात लावू नका म्हणतो ना!" आवाज चिरकला. मग ते गर्दीकडं वळले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "भांडीकुंडी काय, आज आहेत उद्या नाहीत. हे तबक म्हणजे तुमचं प्रेम आहे. माझी अब्रू आहे. ही लिलावात गेलेली मला बघवणार नाही. मुजावर, पूर्ण रक्कम दिली तर?"

"तर जप्ती थांबली. मला काय, पैशाशी मतलब."

आप्पा माजघराच्या दाराशी गेले. कुजबुज झाली. पाटल्यांचा आवाज एकदा झाला, मग मागचं दार उघडल्याचा. आम्ही थांबलो. लोक थांबले. बाजार तसाच ताटकळत राहिला. बऱ्याच वेळानं शालनवहिनी मागच्या दारानं आत आल्या आणि पहिल्यांदाच माजघराबाहेर, ओसरीवर, सगळ्यांसमोर आल्या. डोक्यावरून खांद्यापर्यंत पदर घेतलेला, मनगटं पदराखाली. नोटांची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि तशाच आत गेल्या.

मी पैसे मोजले. बरोबर होते. मुजावरांनी पावती केली, माझा अंगठा नको म्हणून सही घेतली, गुरुजींनी आणि शिवानं पंच म्हणून सह्या केल्या. मी त्याच टेम्पोनं जिल्ह्याच्या गावी गेले आणि नवी पातेली घेऊनच परतले. काळ्यांचं लग्न पार पडलं. थोरलीचं कॉलेज सुटलं नाही. कोर्टात जिंकला तो हरला म्हणतात. मी जिंकून खरोखर जिंकले होते, आणि ह्या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षं ताठा होता.

आता गावाची गंमत ऐका. ज्या गावानं आपली परात, समई, पंखा स्वतःच्या हातानं आप्पांच्या घरातून वाहून नेला, तेच गाव महिन्याभरात म्हणायला लागलं, "काही म्हणा, माणूस मानी! सन्मानासाठी चौदा हजार मोजले!" परातीची आणि पंख्याची आठवण विरली, तबकाची राहिली. पुढच्या गणपतीत त्यांच्याच हस्ते आरती. हौसाबाईनं त्यांना ओवाळलं. ज्याला लुटलं त्यानंच ओवाळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. आणि खरं सांगते, मलाही मनातून वाटायचं, की हा माणूस हाडाचा लबाड असेल, पण एक जागा त्याच्यात हळवी आहे. तेवढ्यापुरता मी त्याला मान द्यायची.

आप्पा वारले तेव्हा शोकसभा झाली. वक्त्यामागून वक्त्यानं तबकाची गोष्ट सांगितली. तेराव्याच्या जेवणाला भांडी माझीच गेली. भाडं शालनवहिनींनी आगाऊ पाठवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी भांडी घासूनपुसून, एक झारा न चुकता, परत आली. त्या घरातून वेळेवर परत आलेली ती पहिली वस्तू असावी.

त्यानंतर बरेच महिने गेले. एके दुपारी मी दुकानात एकटीच बसले होते. शालनवहिनी आल्या. जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी गल्ल्यासमोर ठेवलं.

"इंदूताई, हे मोडीत घ्या."

मी साडी सोडली. तबक होतं. 'समाजभूषण' वर तोंड करून माझ्याकडं बघत होतं.

"वहिनी, हे माझ्याकडं कशाला आणलंत? चांदी आहे ही. सोनाराकडं न्या, चांगला भाव येईल."

"सोनारानंच इकडं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "म्हणाला, पितळ मी घेत नाही, कासाराकडं जा."

मी तबक उलटं केलं. मागच्या बाजूला काठाजवळ पांढरा मुलामा गेला होता आणि आतून पिवळं दिसत होतं. लहानपणापासून जे हाताळत आले, ते पितळ.

"पितळ?" मी म्हणाले. "आणि गावानं चांदीसाठी वर्गणी..."

"तिचं काय झालं ते मला विचारू नका. आणायला हेच गेले होते." वहिनी स्टुलावर बसल्या. "सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी चिंचेनं घासलं. जरा जास्त घासलं गेलं. पिवळं दिसलं तशी हातातलं टाकून ह्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, घासायचं नाही, नुसतं पुसायचं. मग काचेचं कपाट करून घेतलं."

माझ्या डोक्यात सगळं हळूहळू सरकायला लागलं. बुडाखालची खुर्ची गेली तरी न हललेला माणूस. 'उद्या सोनार कस लावंल' म्हणताच गळून पडलेलं पान. कसली अब्रू आणि कसलं गावाचं प्रेम! मेला सोनाराच्या दगडाला भ्याला होता. आणि मी इतकी वर्षं ह्या माणसाची एक जागा हळवी समजून चालले होते!

"मग ते चौदा हजार?" मी विचारलं. "घरात होते?"

"घरात लोकांच्या पराती होत्या, ताई. पैसे कुठले?" त्या एवढं शांतपणे बोलत होत्या, की मला त्यांच्याकडं बघवेना. "म्हणाले, तबक सोनारापुढं गेलं तर मी विहिरीत उडी घेतो. घेतली नसती. आता कळतं, तेव्हा कळलं नाही. त्याच सोनाराकडं मागच्या गल्लीनं गेले आणि पाटल्या दिल्या. आईनं घातल्या होत्या. चार तोळ्यांच्या."

त्या दिवशी ओसरीवर पुडी देताना त्यांची मनगटं पदराखाली होती. आणि येताना आवाज झाला नव्हता.

"परत करून दिल्या नाहीत त्यांनी?"

"दिल्या की. दिवाळीला आणल्या. आठ दिवसांत हात हिरवे पडले." वहिनी पहिल्यांदा हसल्या. "गिलिटाच्या. तबक घेतलं त्याच दुकानातल्या असतील, ओळखीचा भाव लावला असेल."

खोट्या तबकावर आच येऊ नये म्हणून खरं सोनं गेलं. ते सोनं माझ्या पातेल्यांत उतरलं, माझ्या पोरीच्या फीत गेलं, आणि मी बाजारपेठेत मान ताठ करून फिरले. गावानं तर त्याच्यावर शोकसभा उरकली. माझ्या अंगाची आग झाली. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात, पण मी मनातल्या मनात एक ठेवली नाही.

"वहिनी, तुमच्या पाटल्यांचे पैसे माझ्याकडं..."

"तुमचे तुम्हाला मिळाले," त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तुमचं देणं होतं ते. ज्यानं द्यायचं त्यानं दिलं नाही, एवढंच. तबक तोला."

मी तोललं. दोन किलो म्हणत होते; दोन किलोही नव्हतं. पितळेच्या मोडीचा जो भाव होता तो सांगितला. त्यांनी मान हलवली, उठून फळीवरच्या कळशा बघितल्या, एक स्टीलची कळशी वाजवून घेतली. तिची किंमत मोडीपेक्षा थोडी जास्त होत होती.

"वरचे राहू द्या," मी म्हणाले.

"नको. त्या घरात फुकटाचं पुष्कळ झालं." त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि वरचे पैसे गल्ल्यावर मांडले.

भांडं विकलं की नाव विचारायचं, ही दुकानाची सवय. मी मशीन हातात घेतलं. "नाव घालायचं ना?"

"घाला. शालन खटावकर."

मी कळशीच्या गळ्याखाली नाव कोरलं. अक्षरं चांगली आली. हात पुढच्या ओळीवर नेला आणि रोजच्यासारखं विचारलं, "आणि खाली? कुणाकडून म्हणून लिहू?"

वहिनींनी कळशी माझ्या हातातून काढून घेतली, नावावरची भुकटी पदरानं पुसली आणि कमरेवर ठेवली.

"कुणाकडून नाही," त्या म्हणाल्या. "विकत घेतलीय."